ओट्याची उंची

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका नामवंत आर्किटेक्टच्या ऑफिसात मी बावीस वर्षं ट्रेसर होते. सरांनी पेन्सिलीनं काढायचं, मी ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं. सरांना साधा चहा करता येत नसे, पण कितीतरी बंगल्यांची स्वयंपाकघरं त्यांनीच आखली. ओटा छत्तीस इंच, कारण विलायती पुस्तकात तसा होता. तोही पश्चिमेच्या भिंतीला, कारण पूर्वेची हवा बैठकीला हवी. मे महिन्यात दुपारी चारला त्या भिंतीशी उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

एकदा नरखेडकडच्या एका संत्रा बागायतदाराचा बंगला चालू होता. त्याची बायको साइटवर आली, जेमतेम पावणेपाच फूट. विटांवर फळी टाकून ओट्याची उंची दाखवली होती. तिनं समोर उभं राहून हवेतच पोळी लाटली. कोपरं खांद्यांपर्यंत वर गेली.

"काहून वं, सायबानं हे कोनासाठी बनवलं?" तिनं मला विचारलं.

"त्यांलेच सांगा ना तुम्ही."

"सांगतलं. म्हणे, बाई, तुम्हाले नकाशा समजत नाही."

मी टेप काढून तिच्या कोपराची उंची मोजली. ऑफिसात येऊन ब्लेडनं शाई खरवडली, छत्तीसचे तीस केले, ओटा आणि खिडकी उत्तरेला नेली आणि प्रिंट साइटवर पाठवून दिली.

सरांना कळलं तेव्हा कडप्पा बसला होता.

"तुम्ही ट्रेसर आहात," ते म्हणाले. "ट्रेस करा. विचार करायला मी आहे."

ओटा फोडायला ते स्वतः गेले. घर अजून अर्धं होतं, तरी बाईनं परात आणवली आणि त्या ओट्यावर कणीक मळायला घेतली. सर अर्धा तास उभे होते. मग निघून आले.

बाईच्या नातलगांनीही तसाच ओटा मागितला. वर्षभरात सर व्याख्यानांतून सांगू लागले, की गृहिणींची मापं आपण जातीनं घेतली. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत असे. नोकरी हवी होती. त्या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी सरांच्या मुलानं प्रदर्शन भरवलं. विषय, विसाव्या शतकातल्या वास्तुकलेतले न ऐकलेले आवाज. मंचावर पाच पुरुष होते, आणि ते पाचही आवाज मी जन्मभर ऐकत आलेली. भिंतीवर माझी शीट होती. खाली लिहिलं होतं, 'गृहिणींच्या गरजा ओळखून सरांनी केलेली क्रांती. रेखाटन : अज्ञात.'

"काकू, तुम्ही तर घरच्याच," मुलगा म्हणाला.

"घरच्यांना अज्ञात म्हणतात का?"

"तसं नाही. रेकॉर्ड नव्हतं."

शीटच्या कोपऱ्यातल्या चौकटीतली माझी सही मी बोटानं दाखवली. त्यानं चष्मा वर करून वाचली आणि मला दोन मिनिटं माईक दिला. मी ओट्याची हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकानं लगेच, सरांनी महिलांना किती वाव दिला, म्हणून सरांचेच आभार मानले.

आठवड्यानं पुन्हा गेले. 'अज्ञात'वर कागद चिकटवला होता: 'साहाय्य : कार्यालयातील एक भगिनी.' मी मुलाला फोन केला.

"काकू, उद्या प्रदर्शन संपतंय. आता कशाला?"

पुढे मुलाला प्रदर्शनावर पुस्तक काढायचं होतं. माझ्या मुलाखतीसाठी त्यानं दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मी त्या माणसाला चहा पाजला आणि मुलाखत न देताच वाटेला लावलं.