जागामास्तरांचा बैल

भोरच्या शाळेतल्या आमच्या मास्तरांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शाळा सुटली की ते पोरांना थांबवून लेझीम, आट्यापाट्या, नाटक असं काय काय शिकवीत आणि येईल त्याला त्यात घेत. तोतरा येवो, आवाज फुटलेला येवो, "ये, जागा काढू," म्हणत आणि खरोखरच काढीत. एका नाटकाला इतकी पोरं जमली की त्यांनी एकाला विहीर केलं आणि दुसऱ्याला विहिरीवरचा रहाट. रहाट नाटकभर कुरकुरत राहिला आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. म्हणून आम्ही त्यांना जागामास्तर म्हणत असू.

मला काढून दिलेली जागा मात्र मी अजून विसरलेलो नाही. मी पुढं स्वतःच्या हिमतीवर बैलांचा व्यापारी झालो. बाजारात घासाघिशीत मला हरवलेला माणूस सांगा. एकटे जागामास्तर.

त्या साली बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आमचं नाटक होतं. नाटकात बैल होता. धनगरवाड्यावरून मागून आणलेली घोंगडी, वर झूल, कामट्यांचं डोकं आणि आत दोन पोरं. पुढचे पाय कचेरीतल्या कारकुनाच्या वसंताला मिळाले, मागचे मला. शेवटी पुढच्यानं डोकं काढून लोकांना नमस्कार करायचा, मागच्यानं घोंगडीतच वाकून राहायचं. आणि माझी आई शिवऱ्याहून येणार होती. मी आत्याकडे राहून शिकत होतो. दिवाळीपासून तिनं माझं तोंड पाहिलं नव्हतं. आता नाटकातही ते दिसणार नव्हतं.

मी मास्तरांशी सौदा मांडला. आधी पुढचे पाय मागितले. मग अर्ध्या नाटकापुरते मागितले. मग नुसता शेवटचा नमस्कार मागितला. मास्तर शांतपणे कामट्या बांधत होते.

"शेपटीची दोरी तुझ्या हातात देतो. झालं?" ते म्हणाले.

मी खूश होऊन कबूल झालो. घरी पोचल्यावर ध्यानात आलं, की शेपटी मागच्याच्याच हातात असते. त्या रागात मी तालमीत वसंताच्या टाचा तुडवल्या. मास्तर नुसत्या टाळ्या वाजवीत, "डावा, उजवा, डावा," म्हणत. चार दिवसांत आमचे पाय जुळले, मनं नाही.

बेंदराला बैल जुंपत नाहीत, म्हणून आई चालत आली. घरच्या बैलांची पूजा उरकून, फडक्यात पुरणाच्या पोळ्या बांधून, पावसात. नाटक सुरू झालं आणि आम्ही रंगात आलो. मी शेपटी अशी फिरवली की पुढची पोरं मागं सरकली. तेवढ्यात एक म्हातारी उठली आणि बैलाच्या पाया पडली. बेंदराचा दिवस, शिंगं रंगवलेली, झूल घातलेली, बायकांना बसवेना. एकीनं कुंकू लावलं, दुसरीनं ओवाळलं. मला घोंगडीतून फक्त पाय दिसत होते. मग ओळखीची जोडवी आली. आई. तिनं बैलाच्या तोंडात पोळी दिली, म्हणजे वसंताच्या, आणि ती पायांवर पाणी घालत मागं आली. माझ्या उजव्या पायाशी तिचा तांब्या थांबला. तो अंगठा लहानपणी कुळवाखाली सापडून वाकडा झालेला.

"अगं बया," आई म्हणाली, "ह्यो आंगठा तर आमच्या म्हादूचा हाय."

"आये, त्येला पोळी देऊ नगंस. मी हितं मागं हाय," मी आतून म्हणालो.

सभामंडप हसून लोळायचा बाकी होता. मी पोळीकडं वळू पाहत होतो, वसंता पोळी घेऊन पुढं पळत होता, मधे घोंगडी ताणलेली. मास्तर बाहेर आले आणि हात जोडून लोकांना म्हणाले, "मंडळी, जरा जागा करा. बैलाच्या मागच्या पायांना बाहेर यायचं आहे." त्यांनी मागची झूल वर केली. मी बाहेर आलो, घामानं चिंब, केसांत लोकरीचा भुगा. आईनं माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. पोळी मात्र संपली होती.

पुढं व्यापारात नाव झाल्यावर एकदा मी मास्तरांना गाठून विचारलं, की मला मागं का घातलं.

"तू चिडका," ते म्हणाले. "बैल लाथ झाडणारा हवा होता. वसंताला लाथ कुठली यायला?" मग म्हणाले, "आणि समोरचं दिसत नसताना न पडता चालणारा दुसरा कोण होता?"

मी आजही बैल घेताना आधी त्याच्या मागं जाऊन उभा राहतो. लोक हसतात. हसोत.

मास्तर गेले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढून खांदा द्यायला गर्दी झाली. त्यात वसंता होता, आता वकील. मी मागचा बांबू धरला. वाट नीरेकडं उतरत होती, पावसानं निसरडी झालेली. समोर मला फक्त वसंताच्या टाचा दिसत होत्या. तो हळूच म्हणाला, "डावा." मी म्हणालो, "उजवा." आणि कुठंही न अडखळता आम्ही त्यांना नदीपर्यंत नेलं.

पोळीचं त्याच्याशी मी नंतर बोललो.