कुंपणाबाहेरचा तेरडा

आषाढात मी कळव्याला लेकीकडे गेलेलो. परत न्यायला येणारी होडी धक्क्याला लागायच्या आधीच होडीवाल्याने हाक मारली, "काका, चला. तुमची बाय गेली." बाय म्हणजे माझी थोरली बहीण, चांगुणा. खाडी ओलांडून कोलशेत येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. तो अजून आहे, म्हणून लिहितो. दोनच बुकं शिकलेलो आहे, चूकभूल पोटात घाला.

बायचा नवरा मिठागरावर तापाने गेला तेव्हा ती कोवळी पोर होती. बाप पाट लावून द्यायला तयार होता. ती नाही म्हणाली नि माहेरीच राहिली. आमचं घर खाडीच्या बांधाला, मातीत सगळं मीठ. तिथे भोपळ्याचा वेल तग धरत नसे, आणि हिने येऊरच्या डोंगरावरून लाकडाच्या मोळीत लपवून रानफुलांचे कंद नि बी आणलं. मी म्हटलं, "खारटाणात डोंगर लावतेस काय गं?" तर म्हणे, "तू मीठ पिकव, मी फुलं पिकवीन. बघू कोनाचं गोड होतं."

टोपल्या टोपल्या मुरूम आणून तिने ढीग घातला, पावसात धुऊ दिला, मग चिमूट जिभेवर ठेवून बघितली. खारट लागली, खालचं मीठ वर चढलेलं. थुंकली, आणि आणखी एक पावसाळा थांबली. कळलावीच्या वेलीला पाय सावलीत नि डोकं उन्हात हवं, म्हणून ती निवडुंगाच्या कुंपणातून वर चढवली. वेल वाळला की तिला पाणी दाखवायचं नाही, कंद कुजतो. तेरड्याचं उलट, त्याला कायम ओल, तो पागोळीखाली. सोनकी गडग्याच्या फटीत, जिथे माती नावालाच.

आमच्याकडे भादव्यातली गौर तेरड्या-कळलावीचीच. गावाने डोंगर चढणं सोडलं, सगळ्या बायका आमच्याकडे यायला लागल्या. पण विधवेच्या हातची फुलं गौरीला कशी चालणार? बाहेरूनच म्हणायच्या, "चांगुणाबाय, तू आत जा गं. आमच्या आम्ही खुडतो." आणि ती आत जायची! घरची गौरसुद्धा माझ्या बायकोने आणायची, हिने ओटीवरून बघायचं. एकदाच मला म्हणाली, "एक रोप मुळासकट हातात धरून उंबरा ओलांडावा, येवढंच वाटतं रे." मी जाऊन गावकीत भांडलो. रीत मोडायची नाही, म्हणाले. मी कुंपणाच्या दाराला दोर बांधला. आमची बाय चालत नाही, तर तिची फुलंही चालायची नाहीत.

दोर तिने सोडला नाही. पण पुढच्या वर्षी बघतो तर कुंपणाबाहेर, वाटेच्या कडेने, तेरडा उभा. पिकल्या बोंडाला बोट लागलं की ते फुटून बी उडतं. ही बया बोंडं कुंपणापाशी नेऊन बाहेर फोडत होती!

"वाटेवरचं कोनाचंच नसतं," म्हणाली. "आता त्यांना मला आत जा म्हनायला नको."

"लाज नाय वाटत तुला? ज्यांनी तुला दूर ठेवली त्यांनाच वाट फुलवून देतेस?"

"वाटेकडं कोयता चालवू नको, येवढंच ऐक माझं."

ऐकलं. पटलं कधीच नाही.

बाय गेलेली, म्हणून यंदा आमच्याकडे गौर नव्हती. गावच्या बायका आल्या, वाटेवरचा तेरडा मुळासकट उपटून हसत निघाल्या. त्यातली एक मला म्हणाली, "काका, यंदा तेरडा झकास आलाय हो." आला म्हणे! आपोआप आला…

त्या गेल्यावर मी एक रोप मुळासकट उपटलं, उंबरा ओलांडून आत नेलं आणि ती जेवायला बसायची त्या कोपऱ्यात ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकली. गावच्या गौरी तिसऱ्या दिवशी खाडीत गेल्या. सून म्हणते, मामंजी, वाळलंय ते, टाकून देते. मी देत नाही. बाहेर राहायचं तेवढं ती राहिली. वाळलेलं का असेना, हे आतच राहील.