दिव्याच्या खांबाखालचं भांडण

मी नेमकं काय काम करते, हे मला माझ्या आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. "शहरातली हिंसा कशी टाळायची याचा अभ्यास" असं म्हटलं की ती विचारते, "म्हणजे पोलिसात का?" नाही म्हटलं की, "मग मास्तरीण?" तेही नाही. शेवटी तिने तिच्यापुरता मार्ग काढला. शेजारणींना सांगते, "ती लोकांची भांडणं मोजते." आता यावर काय बोलणार, कपाळ! गंगापूर रोडला एका दवाखान्याच्या वर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. वस्त्यांमध्ये बायका-मुलींना कुठे भीती वाटते, का वाटते, हे आम्ही विचारत फिरतो, त्याचा अहवाल लिहितो आणि मग धोरणं ठरवणाऱ्यांच्या मागे लागतो की बाबांनो, वाचा एकदाचं.

ही गोष्ट ज्या वस्तीची आहे तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो ते सुरक्षा फेरीसाठी. फेरी म्हणजे संध्याकाळी बायकांबरोबर गल्ल्यांमधून चालायचं आणि जिथे छातीत धस्स होतं ती जागा नकाशावर मांडायची. साधी गोष्ट. पण आमच्या सरांनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, सगळ्यांना सारख्या पिवळ्या जॅकेटांचा आग्रह धरला. झालं! पंधरा बायका एकसारख्या रंगात गल्लीत शिरलेल्या बघून लोक दाराबाहेर आले. "कोणता वॉर्ड? कोण उभंय?" एक आजी तर हात पुढे करूनच उभ्या राहिल्या. "काय वाटताय?" मी म्हटलं, "काही नाही हो आजी, तुम्हाला कुठे भीती वाटते ते विचारतोय." त्या म्हणाल्या, "मागल्या गल्लीत साड्या वाटल्या आणि इथे नुसती भीती विचारता?" आणि दार लावून घेतलं.

तरीही एका जागेबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. नाल्याकडेची गल्ली. वस्तीतून मोठ्या रस्त्याला जायची ती एकच जवळची वाट. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला एका बंद गोदामाची भिंत, आणि दिवा म्हणाल तर एकही नाही. फेरीतल्या बायका तिच्या तोंडाशी येऊन आपसूक थांबल्या.

तिथेच मला ती मुलगी भेटली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, बोलायला फटकळ. पोलिस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर धावायची, दिवसा एका कपड्यांच्या दुकानात उभी राहायची आणि संध्याकाळी मोठ्या रस्त्यापलीकडच्या अभ्यासिकेत लेखी परीक्षेचा अभ्यास. अभ्यासिका आठला बंद व्हायची. परत यायचं ते याच गल्लीतून. तिचे वडील भाजीचा टेम्पो चालवायचे. मूळचे नामपूरचे. नाशकात येऊन जन्म गेला, पण चिडले की बोली थेट गावची निघायची. नेमकं त्याच आठवड्यात कुणीतरी त्या गल्लीत मुलीची ओढणी ओढली होती. तिने त्याला नाल्यात ढकललं, ही गोष्ट वेगळी. पण वडिलांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

"तठे अंधार शे, ताई. मी पोरले धाडत नही," ते मला म्हणाले. "दिवा लागू दे, मग बघू. नाहीतर सटाण्याकडचं एक स्थळ चांगलंय, तेच बघतो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. रडत वगैरे नव्हती, रागाने बघत होती, जणू अंधार मीच केलाय. मला ती तिथल्या तिथे आवडली. मनात म्हटलं, बाकी धोरण-बिरण गेलं खड्ड्यात, हा एक दिवा लागलाच पाहिजे.

आणि नवल म्हणजे दिवा मंजूर झाला. वस्तीत आम्ही एक सुरक्षा समिती नेमली होती. तिच्यात दोन मोठी माणसं. एक अप्पा, कारखान्यातून निवृत्त झालेले, ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष, पांढरी टोपी, आवाज खर्जातला. दुसरे दादा, वयाने तिशीचे, मित्रमंडळाचे अध्यक्ष, हसतमुख, प्रत्येक फलकावर मोबाइल कानाला लावलेले. समितीच्या पहिल्याच बैठकीत सत्कार झाले, कारण आपल्याकडे सत्काराशिवाय बैठक सुरू होत नाही. दादांची शाल अप्पांच्या शालीपेक्षा वीतभर रुंद निघाली. अप्पांनी ती तिथेच पसरून दाखवली. मग दादांच्या एका कार्यकर्त्याने काहीतरी म्हटलं, अप्पांच्या भाच्याने नारळ उचलला, आणि हिंसा प्रतिबंधाच्या आमच्या पहिल्या बैठकीत मी दोघांच्या मधे हात पसरून उभी होते. नारळ शेवटी माझ्या पायावर पडला. महिनाभर लंगडत होते. आई म्हणाली, "मोजता मोजता लागलं वाटतं."

तर दिवा मंजूर झाल्यावर खांब आला, उभा राहिला, वर दिवा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाच्या एका अंगाला दादांचा फलक. 'दादांच्या पाठपुराव्याला यश.' दुपारी दुसऱ्या अंगाला अप्पांचा. 'अप्पांच्या अथक पाठपुराव्याला यश.' पाठपुरावा मी केला होता, चपला झिजवल्या होत्या, पण मला कोण विचारतो! संध्याकाळी दिवा लागला नाही. ठेकेदाराच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, लोकार्पण झाल्याशिवाय कसा जोडू? उद्या दोघंही माझ्या नावाने शिमगा करतील." दिव्यावर त्याने खताची गोणी बांधून ठेवली होती. लोकार्पण कोण करणार, यावर अप्पा आणि दादा अडून बसले होते.

मी दोघांच्या घरी गेले. हात जोडले. मुलीच्या परीक्षेचं सांगितलं. अप्पा म्हणाले, "पोरगी माझ्या नातीसारखी आहे, पण प्रश्न तत्त्वाचा आहे." दादा म्हणाले, "ताई, ती माझी बहीणच आहे, पण कार्यकर्त्यांना काय तोंड दाखवू?" अस्सा संताप आला! एक नात, एक बहीण, आणि पोरगी घरात कोंडलेली.

मग त्यातून भलतंच घडलं. दादांच्या लोकांना बातमी लागली की अप्पा गुपचूप दिवा लावून फोटो काढणार. अप्पांना तशीच बातमी दादांबद्दल. म्हणून दादांचे कार्यकर्ते संध्याकाळपासून खांबाखाली पहाऱ्याला बसू लागले. हे बघून अप्पांचं ज्येष्ठ नागरिक मंडळ विरंगुळा केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन समोर येऊन बसलं. अंधारात एकमेकांवर नजर कशी ठेवणार? दादांनी गोदामाच्या वॉचमनकडून वायर ओढून बल्ब टांगला. अप्पांनी पलीकडच्या घरातून वायर आणून त्याहून मोठा टांगला. मधे आमचा नवाकोरा खांब, डोक्यावर गोणी घालून, दोन्ही बल्बांच्या उजेडात उभा.

माणसं जमली की बघे जमतात. दादांकडे कॅरम आला, अप्पांकडे पत्ते. भेळवाल्याने गाडी आणून लावली. बायका मेथी निवडायला तिथेच येऊन बसायला लागल्या, कारण घरातल्या मालिकेपेक्षा इथे जास्त रंगत होती. एक बाजू टोमणा मारायची, दुसरी खोकून उत्तर द्यायची. मुलीचे वडीलही टेम्पो लावून तमाशा बघायला आले, दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी मुलीला म्हणाले, "जाय अभ्यासिकेला. एवढं गाव बसलंय इथे."

मुलगी जायला लागली. मी एकदा मुद्दाम बघायला उभी राहिले. आठ वाजून गेल्यावर ती गल्लीच्या तोंडाशी आली, पाठीला दप्तर, हातात भिजवलेल्या हरभऱ्यांची पुडी, आणि त्या भांडणाच्या मधून खात खात, ताठ मानेने घरी गेली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ऑफिसात येऊन सरांना म्हटलं, "सर, हे लिहायला हवं. गल्ली बदललीय." सरांनी चष्मा काढला. "अगं, पण आपल्या अभ्यासात दिव्याच्या आधीचा काळ आहे आणि दिव्याच्या नंतरचा. तू सांगतेस तो काळ कुठेच बसत नाही." मी म्हटलं, "सर, तिथे शंभर माणसं बसतात, एक काळ बसत नाही?" पण सरांचं लक्ष दुसरीकडे होतं. निधी देणारे पाहुणे गल्ली बघायला येणार होते आणि त्यांना पेटलेला दिवा दाखवायचा होता.

सरांनी मग जन्मात पहिल्यांदा एक तोडगा काढला. एका खांबाला दोन फिती. एक अप्पांची, एक दादांची. दोन कात्र्या, दोन नारळ, दोन शाली, आणि शाली मी स्वतः दुकानात उभी राहून एकावर एक ठेवून मापून आणल्या. मी एक, दोन, तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम कापायचं. दादांनी दोनलाच कापली. अप्पा म्हणाले, "ही बेइमानी आहे." पण तोवर ठेकेदाराच्या माणसाने गोणी खेचली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लख्ख पांढरा उजेड पडला. पेढे वाटले. फोटोत मी डोळे मिटलेली आले आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांचे कार्यकर्ते आले नाहीत. पहारा कशाला, दिवा तर लागला. अप्पांच्या खुर्च्या विरंगुळा केंद्रात परत गेल्या. बल्ब उतरले. भेळवाला मोठ्या रस्त्यावर गेला. बायका घरी मालिका बघत बसल्या. नाल्याकडेच्या गल्लीत टोकापासून टोकापर्यंत उजेड, आणि त्या उजेडात एक कुत्रं झोपलेलं.

चार दिवसांनी मुलगी जिना चढून आमच्या ऑफिसात आली. बसली नाही. "मॅडम, तुमच्या दिव्याने माझी पार वाट लावली," ती म्हणाली. "काल कोणीतरी माझ्या मागे मागे चालत होतं. आता तर मी लांबूनही दिसते. बाबा म्हणतात बास झालं. रविवारी सटाण्याची माणसं येतायत."

मी तशीच उठून तिच्या वडिलांकडे गेले. ते टेम्पो धूत होते. "भाऊ, दिवा मागितलात, दिवा आणला. आता काय?" ते वर न बघता म्हणाले, "उजेड शे, ताई. पण माणूस कोठे शे?"

त्याच आठवड्यात समितीची बैठक होती. सरांच्या मते शेवटची, समारोपाची. अप्पा आणि दादा शेजारी शेजारी बसलेले, चहाच्या बशीतलं बिस्किट एकमेकांना देतायत. वाद मिटल्याबद्दल सर दोघांचं कौतुक करत होते. इकडे माझं रक्त नुसतं उकळत होतं. सगळे विषय संपले. सर म्हणाले, "आयत्या वेळचे विषय? काही नाही ना?"

"आहे," मी म्हटलं.

सर चमकले. आयत्या वेळी आमच्याकडे कुणी विषय मांडत नाही, तेव्हा चहाचे कप उचलतात.

"खांबावर पाटी लावायची राहिलीय," मी म्हटलं. "कायमची पाटी, दगडी. तिच्यावर दोघांची नावं येतील. फक्त वर कुणाचं आणि खाली कुणाचं, तेवढं सांगा."

दादांनी बिस्किट बशीत ठेवलं. अप्पांनी टोपी सारखी केली. "वयाचा मान म्हणून..." अप्पांनी सुरुवात केली. "मान आहेच," दादा म्हणाले, "पण फीत आधी कोणी कापली, ते सगळ्या वस्तीने बघितलंय." अप्पा उभे राहिले. सर माझ्याकडे असे बघत होते की जणू मी हातात बॉम्ब घेऊन आलेय. मी पाय आवरून घेतले, नारळाच्या आठवणीने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खांबाखाली खुर्च्या होत्या. कुणी रात्रीतून पाटी ठोकली तर? दोन्ही बाजूंना पहारा हवाच. कॅरम आला, पत्ते आले, मागोमाग भेळवाला आला. मेथीच्या जुड्याही आल्या. टोमणे पहिल्यापेक्षा धारदार होते, कारण आता प्रश्न कायमच्या दगडाचा होता.

सरांनी अहवालात लिहिलं की दिवा लागल्यामुळे गल्लीत वर्दळ वाढली. आकडे त्यांच्या बाजूने होते, मी कशाला तोंड उघडू? पाहुणे इतके खूश झाले की दुसऱ्या वस्तीतही असाच दिवा लावू म्हणाले. सर मला फोनवर हळू आवाजात म्हणाले, "पण तो पाटीचा वाद तेवढा मिटवून टाक बाई." मी म्हटलं, "प्रयत्न चालू आहे, सर." आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी गल्लीत गेले तर मुलीचे वडील दोन्ही गटांच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसले होते. सटाण्याच्या माणसांना परीक्षेनंतर या म्हणून कळवलं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं. आठ वाजून गेले. दादा म्हणत होते की अप्पांना खांबाचा रंगसुद्धा सांगता यायचा नाही. अप्पा उत्तर द्यायला खुर्चीतून अर्धे उठले होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. अप्पा खाली बसले. दादांनी कॅरमची सोंगटी हातातच धरली. ती मधून चालत गेली, हरभरे खात. "आज पाच मिनिटं उशीर केलास," अप्पा म्हणाले. "गणितं अवघड होती," ती न थांबता म्हणाली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुणी बोललं नाही. वळली, तसे अप्पा पुन्हा उठले आणि म्हणाले, "काय म्हणालास रे रंगाचं?"

तिच्या वडिलांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली आणि आवाज खाली आणला.

"ताई, ती पाटी लागू देऊ नका बरं."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," मी म्हटलं आणि बसले.