कोंडाजी आबांचे मोजे

मखमलाबाद शिवारातले कोंडाजी आबा बारा महिने मोजे घालत. सँडलमध्ये मोजे, लग्नाच्या पंगतीत मोजे, भर वैशाखात पारावर बसले तरी मोजे. काढायचे ते फक्त शेतात पाणी भरताना, कारण मेथी-पालकाच्या ओल्या वाफ्यांत मोजे घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. बरं, आबा नटवे म्हणावेत तर तसंही नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर त्यांना महिनोन्महिने पत्ता नसे.

दुसरी गोष्ट अशी की आबा कुणाला पाया पडू देत नसत. कुणी वाकलं रे वाकलं की ते झटकन मागे सरत आणि "असू दे, असू दे" म्हणत पाय खाटेखाली ओढून घेत. गावाला वाटे, काय साधा माणूस आहे, मोठेपणा म्हणून नको त्याला. गावाला काय, काहीही वाटतं.

खरी भानगड नखांची होती. जन्मभर ओल्या वाफ्यांत उभं राहून आबांच्या अंगठ्याचं नख आधी पिवळं पडलं, मग जाड झालं, मग कडेनं भुसभुशीत होऊन झडायला लागलं. एकापाठोपाठ एक सगळीच नखं त्या वाटेनं गेली. आबा घाबरले ते वेगळ्याच कारणानं. त्यांच्या लहानपणी आळीतल्या पुंजाला महारोग झाला होता. लोकांनी त्याला दूर मळ्यातल्या झोपडीत ठेवलं आणि तिथंच तो गेला. पुंजाचंही पायाच्या बोटांपासूनच सुरू झालं होतं, हे आबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग डॉक्टरकडे जायचं कशाला? त्यानं एकदा नाव घेतलं की आपलीही झोपडी ठरली. आबांनी मोजे चढवले आणि तोंड शिवलं. नवसाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, नखं ठाऊक होती. ही भीती मात्र त्यांनाही ठाऊक नव्हती.

उपाय केला नाही असं नाही. दिंडोरीचा मेहुणा यादव द्राक्षबागायतदार. त्यानं एकदा नखं बघितली आणि जागच्या जागी निकाल दिला. "दाजी, ही तर बुरशी. आमच्या बागेवर येती तशीच. बोर्डो मारा." मोरचूद आणि चुना कालवलेलं ते द्राक्षावरचं औषध त्यानं बाटलीत भरून दिलं. आबा ब्रशनं नखांना लावत राहिले. कातडी सोलवटली आणि नखं निळी झाली. बुरशी होती तिथंच राहिली. बागेला दिलेला सल्ला माणसाला लागू पडत नाही, एवढं मात्र कळलं. मोजे आणखी जाड आले.

अशात सिंहस्थाच्या आदल्या वर्षी समाधानचं लग्न झालं. समाधान आबांचा एकुलता एक, सातपूरला कंपनीत कामाला. आबांनी दिंडोरीकडे सोयरीक बोलून ठेवली होती, आणि यानं सटाण्याची दीपमाला स्वतःच पसंत करून आणली. आबा आठ दिवस घुमे होते, हे खरं. पण पोरगी घरात आली, पहाटे उठून झेंडू तोडायला त्यांच्या बरोबरीनं उभी राहिली, आणि आबांचा राग कुठल्या कुठे गेला. तो गेला हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.

दीपमालानं काय पाहिलं? माप ओलांडून आत आल्यावर ती वाकली, तर सासऱ्यानं पाय ओढून घेतले. संक्रांतीला वाकली, पाय मागे. पाडव्याला वाकली, पाय खाटेखाली. सून आल्यापासून तर आबा झोपतानाही मोजे घालू लागले. तिनं दिंडोरीच्या सोयरिकीची गोष्ट ऐकलेली होतीच. तिच्या मनात गाठ बसली ती बसलीच. मग तीही लांबूनच हात जोडायला लागली.

सातव्या महिन्यात तिचं माहेरी जायचं ठरलं, तेव्हा तिनं समाधानला सांगितलं, "बाळंतपण झाल्यावर मी इथं येणार नाही. सातपूरला खोली बघा. ज्यांना माझा नमस्कार चालत नाही, त्यांना माझं लेकरू तरी कसं चालेल?"

नवसाबाईंनी हे दाराआडून ऐकलं आणि जसंच्या तसं आबांच्या कानावर घातलं. "सुनेचा नमस्कार नको व्हता, तर वाजतगाजत आणली कशाला? आता नातू बघायलाबी सातपूरला जावा."

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी मुलाला म्हणाले, "गंगापूर रोडला फक्त पायाचाच डाक्टर हाय म्हणं. मला घेऊन चल."

दवाखान्यात बहुतेक मंडळी साखरेची, जखमा झालेले पाय घेऊन आलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मोजे काढायला सांगितले. आबांनी ते इतक्या सावकाश काढले की बाईंनी तेवढ्यात हात धुऊन घेतले.

"निळी कशानं झाली?"

"बोर्डो मारला. मेहुणा म्हणला, बुरशी हाय."

बाई नाशिकच्याच असाव्यात. त्या हसल्या नाहीत. "किती फवारण्या?" एवढंच त्यांनी विचारलं. मग बधिरपणा आहे का ते बघायला आबांना डोळे मिटायला लावून त्यांनी बोटाबोटाला कापूस टेकवला. आबा प्रत्येक वेळी बरोबर बोट सांगत गेले.

"बाई, महारोग हाय का?"

"नाही हो. तोही आता औषधानं बरा होतो. ही नखाची बुरशी आहे, तुमच्या मेहुण्याचं तेवढं बरोबर होतं. रक्त तपासू आणि गोळ्या सुरू करू. नवं नख मुळापासून यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. आणि हे मोजे आधी बंद. आत घाम कोंडतो, बुरशीला तेच पाहिजे असतं."

आबांना गोळ्यांत रस नव्हता. "पाया पडणाऱ्याला लागती का?" त्यांनी विचारलं. "दोन जीवांची असली तर?"

"ओल्या फरशीवरून पसरते, एकमेकांचं नेलकटर वापरल्यानं पसरते. नमस्कारानं कुणाला काही होत नाही."

मागे उभ्या असलेल्या समाधानला तेव्हा सगळा उलगडा झाला. बापाचा त्याला रागही आला आणि कीवही आली. गाडीवर बसताना आबा म्हणाले, "तिला तू काय सांगू नको. मी सांगीन."

सांगणं काही त्यांना जमलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता दीपमालाचा भाऊ जीप घेऊन दारात उभा राहिला. आबा ओट्यावर खुर्ची टाकून उघड्या पायांनी बसले होते. नवसाबाई कुजबुजल्या, "अवो, पाव्हणे आलेत, मोजे घाला." आबांनी पाय तसेच ठेवले.

दीपमाला भिंतीला धरून कशीबशी सासूच्या पाया पडली, पायऱ्या उतरून अंगणात गेली आणि तिथूनच आबांना हात जोडून वळली.

"लांबून नको," आबा म्हणाले. "पाया पड."

ती थांबली. तिची नजर त्या निळ्या, खडबडीत नखांवर गेली.

"मला महारोग झालाय असं वाटायचं," आबा म्हणाले. "तुला लागू नये म्हणून पाय वढीत व्हतो. डाक्टर म्हणती तसं काय नाय. बुरशी हाय. दिंडोरीच्या सोयरिकीचं मी कवाच सोडून दिलं व्हतं पोरी."

दीपमाला पुन्हा ओट्याजवळ आली. पुन्हा पायऱ्या चढून पुन्हा खाली वाकणं आता तिला जमण्यासारखं नव्हतं. ती एक हात कमरेवर ठेवून नुसती उभी राहिली. आबांच्या ते ध्यानात आलं. ते खुर्चीतून उठले आणि ओट्याच्या अगदी कडेला, बोटं बाहेर येतील असे उभे राहिले. ओटा उंच होता. तिला थोडंसंच पुढे व्हावं लागलं.

दोन्ही हात तिनं त्या नखांवर ठेवले आणि लवकर उचलले नाहीत. आबांनी पाय हलवले नाहीत.

"दुखतं का आबा?"

"नाय."

"मग मी परत येईन तेव्हा घरात मोजे दिसता कामा नयेत," ती म्हणाली, आणि डोळे पुसत जीपकडे गेली.