श्वेताच्या पाठीवरचा खो

कामिनी पराते दिवसभर रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात केसपेपर काढते आणि सकाळ-संध्याकाळ गोळीबार चौकामागच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. बावीस वर्षं झाली. माहेरचा हातमाग बंद पडला, मुलगा पुण्याला गेला, मैदान सुटलं नाही. एवढ्या खमक्या बाईनं खुशीचे नखरे तीन वर्षं कसे सोसले? कारण साधं होतं. खुशी पळायला लागली की पंचसुद्धा बघत राहायचे.

खुशी उशिरा यायची, सराव अर्धा टाकून जायची. आणि श्वेताला कधी खो द्यायची नाही. रांगेत बसणाऱ्या आठ जणींत श्वेता अंगानं जड, उठायला जरा वेळ लावणारी.

"काहून नाही दिला वं तिले?" कामिनी विचारायची.

"ताई, ती उठते तवरक चहा होऊन जाते!"

मुली हसायच्या. श्वेता हसायची. कामिनीही हसायची, आणि चुकलं ते इथंच. खुशीचं बघून बाकीच्यांनीही श्वेताला वगळायला सुरुवात केली.

जिल्हा स्पर्धेची उपांत्य फेरी कशीबशी जिंकली. नळावर पाणी भरताना कामिनीच्या कानावर पलीकडचं बोलणं आलं. उद्या ज्यांच्याशी अंतिम सामना होता, त्या संघाची कर्णधार प्रणाली आपल्या मुलींना सांगत होती, "दम लागला ना, का त्या जाडीच्या समोर जाऊन उभं राहायचं. तिले कोणी खो देतच नाही."

कामिनी तशीच खुशीकडे गेली. "उद्या श्वेताले खो देशील?"

"मले वाटलं तर देईन."

"बस मंग उद्या बाहेर."

मंडळाचे अध्यक्ष भैयाजी धावत आले. "मॅडम, डोकं ठिकाणावर आहे का? बॅनरवर तिचा फोटो आहे!"

"मंग बॅनरलेच पळवा, भैयाजी."

"हारल्या तर परवापासून मैदानावर यायचं नाही. सांगून ठेवतो."

"नाही येत."

म्हणाली खरी, पण रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

सकाळी तिनं मुलींना एकच गोष्ट बजावली. शेवटच्या मिनिटापर्यंत श्वेताला खो द्यायचा नाही. "राहू द्या त्यांले तिच्यासमोर आरामात."

अंतिम सामन्याच्या शेवटच्या पाळीत जिंकायला नऊ जणी बाद करायच्या होत्या. आठ मिनिटं संपली, शेवटचं उरलं, तेव्हा आठ झाल्या होत्या. खुशी असती तर एव्हाना दहा झाल्या असत्या, असं भैयाजी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. कामिनीनं मान वळवली नाही. आत उरली होती प्रणाली. धापा टाकत ती सवयीनं श्वेतासमोर जाऊन थांबली. रांगेच्या पलीकडून, श्वेताच्या पाठीमागून रितिका पळत येत होती. आता ही पुढच्या मुलीला खो देणार, म्हणून प्रणालीनं पुढे नजर टाकली.

"खो!"

रितिकाचा हात श्वेताच्या पाठीवर पडला. श्वेता काही एका रात्रीत चपळ झाली नव्हती. पण दोन पावलांना चपळाई लागते कुठं? तिचा हात प्रणालीच्या खांद्यावर थाडकन बसला आणि पंचांची शिट्टी वाजली.

खुशीनं टाळी वाजवली नाही. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या मंडळात गेली. कामिनीनं अडवलं नाही. एकटीनं जिंकायचे खेळ जगात पुष्कळ आहेत, खो-खो त्यातला नाही.

त्या दिवशी मैदानावर मात्र गोंधळ उडाला होता. भैयाजी हार घेऊन पुढे आले. "मी तर म्हणतच होतो, मॅडम! उद्या सहा वाजता येता ना?"

"साडेपाचले येते," कामिनी म्हणाली. तेवढ्यात मुलींनी तिला उचललं. सगळ्यांत खाली, तिचा अर्धा भार घेऊन, श्वेता उभी होती.

"उतरवा वं मले! पडीन मी!"

कोणी ऐकलं नाही.