प्राध्यापक झारेम्बांचा पुरावा

लुद्विक झारेम्बा गेला तेव्हा इथल्या, पोलंडमधल्या लुब्लिनच्या पेपरात त्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: विचारवंत, क्षमाशील. पहिल्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. दुसरा ज्याने लिहिला तो आमच्या विभागातला नसणार. माझ्या नवऱ्याच्या, मार्सेली व्होलाकच्या, आयुष्याची लुद्विकने माती केली. तेव्हा त्याच्याबद्दल काय सांगायचं ते मी सांगते.

विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात दोघांची टेबलं शेजारी होती. लुद्विकने आपलं पुस्तक निम्म्याहून अधिक आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या हातचं बीटचं सूप ओरपत रचलं. पुराव्यापलीकडे कशावर विश्वास ठेवू नये, हा पहिला भाग. दुसरा श्रद्धेचा. श्रद्धा माणसावर असते, आणि ती पावलागणिक पुरावा मागायला लागली की ती श्रद्धा उरत नाही, असं त्याचं म्हणणं. उदाहरणाला एक आंधळी बाई घेतली होती. शेजारीण 'चल' म्हणाली की ती रेल्वेचे रूळ ओलांडायची. ही बाई मूर्ख का, असा प्रश्न. ती त्याची सख्खी आत्या, पण हस्तलिखितात त्याने ते लिहिलं नाही. सरकारी परीक्षकापुढे घरचं कशाला मांडायचं, म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर साली हस्तलिखित परत आलं. निनावी परीक्षकाने लिहिलं होतं की हे तत्त्वज्ञान नव्हे, प्रवचन आहे, आणि लेखकाच्या आंधळ्या आत्याच्या जोरावर विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवता येणार नाही. पुस्तक बारा वर्षं अडकलं, बढती गेली, पासपोर्ट नाकारला. लुद्विकने हिशेब मांडला. ती बाई आपली आत्या आहे हे आपण फक्त मार्सेलीला सांगितलंय. झालं. मार्सेली त्याच्या घरी जाऊन म्हणाला की मी हे लिहिलेलं नाही. लुद्विकने त्याला दारातच उभं ठेवून पुरावा मागितला. न लिहिल्याचा पुरावा माणसाने कुठून आणायचा?

नाताळच्या सुट्टीआधी विभागात, प्राध्यापकांच्या बायकांनाही बोलावून, ओप्वातेक व्हायचा. तेव्हा सरकारला देव चालत नसे, म्हणून दार लावून. कागदासारख्या पातळ पोळीचा तुकडा हातात घेऊन एकेकासमोर जायचं, आपल्यातलं त्याला मोडू द्यायचं, त्याच्यातलं आपण मोडायचं, आणि वर्षभराचं मनातलं तिथेच सोडून द्यायचं. वैऱ्यालाही नाही म्हणायची रीत नाही. लुद्विक शिपायाशी मोडायचा, टायपिस्टशी मोडायचा. मार्सेलीसमोर आला की मूठ मिटायचा आणि पुढे सरकायचा. पंचवीस वर्षं. नव्याने आलेला प्रत्येकजण विचारायचा की यांचं काय बिनसलंय, आणि कोणीतरी त्याला सांगायचंच. माझ्यासमोर मात्र तुकडा पुढे करून यायचा, निर्लज्ज. मी पाठ फिरवायचे.

राजवट बदलली, पुस्तक छापून आलं, लुद्विक विभागप्रमुख झाला. मार्सेलीच्या बढतीचा अर्ज तीनदा त्याच्यापुढे गेला. तिन्ही वेळा 'काम अपुरं' एवढंच लिहून त्याने खाली झोकदार सही ठोकली. मी मार्सेलीला म्हणायचे, एकदा त्याच्या डोक्यावर उकळतं सूप ओत. तर हा म्हणायचा की त्याच्याजवळ जेवढं आहे त्यावरून त्याने निष्कर्ष बरोबरच काढलाय. मला नवऱ्याचाही संताप यायचा.

मग जुन्या सरकारी फायली ज्याच्या त्याला पाहायला मिळू लागल्या. दोन हजार तीन साली लुद्विक मार्सेलीचं नाव डोळ्यांनी पाहायला म्हणून गेला. परीक्षक निघाले प्राध्यापक हाल्स्की, त्याचे गुरू. त्यांनीच त्याला खेड्यातून आणून शिकवलं होतं आणि पुस्तकही त्यांनाच अर्पण केलेलं. विद्यार्थी असताना आत्याची गोष्ट त्याने त्यांनाही सांगितली होती. पण संशयितांची यादी करताना गुरूंना त्यात धरायचं त्याला सुचलंच नाही. हाल्स्की तोवर वारले होते, त्यांच्या शवपेटीला लुद्विकने खांदा दिला होता.

त्या वर्षी मार्सेली निवृत्त होणार होता, त्याचा तो शेवटचा ओप्वातेक. सगळे खसखशीचा केक खात होते. लुद्विक खोली ओलांडून सरळ त्याच्यासमोर आला.

"मार्सेली, मी फाईल पाहिली. तू नव्हतास. आता माझी खात्री पटलीय. मोड."

एकेकाळी त्याला अरेतुरे करणारा माझा नवरा परक्याशी बोलावं तसं बोलला.

"प्रोफेसर, तुमची खात्री फाईलवर आहे. माझ्या शब्दावर तेव्हा नव्हती, आजही नाही. उद्या दुसरा कागद निघाला तर तुम्ही परत मूठ मिटाल."

"अरे, मी माफी मागतोय तुझी."

"पुरावा आला म्हणून मागताय. त्या फाईललाच द्या तुकडा."

मार्सेलीने आपला तुकडा अख्खा तोंडात टाकला आणि कोट चढवला. लुद्विक हात पुढे करून तसाच उभा होता. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

लुद्विकने पुस्तकाची दुसरी आवृत्ती थांबवली. श्रद्धेवर लिहायचा मला अधिकार नव्हता, असं त्याने प्रकाशकाला कळवलं म्हणे. मग दर नाताळाला तो आमच्या पत्त्यावर पाकीट पाठवू लागला. लांबच्या नातलगांना पाठवतात तशी आत ओप्वातेकची पोळी, कोपरा आधीच मोडलेला, आणि एकच ओळ: 'फाईल मी विसरलो. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो.' अशी आठ पाकिटं आली. टपाल मी घ्यायचे. आठही चुलीत गेली.

शेवटच्या नाताळात मार्सेली अंथरुणाला खिळला होता. लुद्विककडून कधी काही आलं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, नाही, काहीच नाही. त्याने परत विचारलं नाही. माझा शब्द त्याला पुरला.