सुभद्राकाकूंना दिसलेली डॉल्फिन

भातकुलीच्या सुभद्राकाकूंकडे म्हैस व्याली, की गोठ्याच्या दाराला गोणपाट लागतं. ओल्या बाळंतिणीजवळ कोणी फिरकायचं नाही. एकदा जावई मोबाइल घेऊन आत शिरला, तर काकूंनी त्यालाही बाहेर हाकललं.

त्या यंदा लेकासोबत, गोपालसोबत, कोकणात डॉल्फिन पाहायला गेल्या. धक्क्यावर पाटी होती: डॉल्फिनला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. आणि बोटीत बसून आत गेल्या, तर समोर समुद्रात पाच-सहा बोटी एका डॉल्फिन मादीला घेरत होत्या. तिच्या कुशीला पिल्लू होतं. ती वळली की बोटी वळत, लोक शिट्ट्या मारत. काकूंची बोटही त्यात घुसली.

काकूंचं डोकं फिरलं. "इंजन बंद कर!" त्या बोटवाल्यावर कडाडल्या. "मेळघाटात वाघिणीच्या अंगावर अशी गाडी घालशीन का रे?"

"आई, गप ना वं," गोपाल म्हणाला, "व्हिडिओ काढून राहिलो."

काकूंनी पदर ओढला आणि त्याच्या मोबाइलवर गच्च दाबून धरला.

गावी परतल्यावर शेजारणीनं हौसेनं विचारलं, "काकू, दिसली का डॉल्फिन?"

"दिसली ना," काकू म्हणाल्या. "लेकरू घेऊन आमच्यापासून पळून राहिली होती."